दोन कडव्यांच्या मध्ये

वाटीवर चमचा वाजला. टण्. जरा थांबून पुन्हा दोनदा, टण् टण्.

दुपारचं घर गप्प पडलं होतं. सुनेच्या मांडीवर बाळ पिता पिता झोपेला आलं होतं आणि तिचाही डोळा लागत होता. तिने बोट घालून बाळाचं तोंड हळूच सोडवलं, त्याला चटईवर ठेवलं आणि ती आतल्या खोलीत गेली.

"आले आई. काय हवंय? पाणी?"

सासूने डाव्या हातात चमचा उलटा धरला होता. उजवा हात पांघरुणावर पडून होता, दुसरंच कुणीतरी विसरून गेल्यासारखा. तोंडाची ती बाजूही खाली ओघळलेली. तिने मान हलवली. पाणी नको.

"कूस बदलायचीय?"

नाही.

"मग काय, चादर?"

म्हातारीने डोळे मिटून घेतले. चादरच होती.

म्हातारीला एका अंगावर करून सुनेने ओली चादर काढली, अंग पुसलं, कोरडी घातली. म्हातारी बारकी, पण निम्मं अंग तिचं ऐकत नव्हतं आणि तेवढंच जड झालं होतं. सगळं होईपर्यंत सुनेच्या पाठीला घाम फुटला. म्हातारीने डावा हात उचलून तिच्या गालाला लावला. ओठ हलले. आवाज आला तो नुसता, "भ... भ..."

"असू द्या," सून म्हणाली.

ही बाई आजारी पडायच्या आधी या घरात दुसऱ्या कुणाला बोलायला जागा मिळायची नाही. उठल्यापासून तोंड चालू, आणि त्यातलं निम्मं देवाशी. दूध उतू गेलं तर देवबापा तुझे आभार, भांडं तरी धुतलेलं होतं. शेळीने वाळत घातलेली चादर खाल्ली, तर आभार, जुनीच खाल्ली. सून नवी होती तेव्हा हे ऐकून माहेरी जाऊन हसली होती. पुढे पुढे तिला त्याचा राग यायला लागला. माणसाने कधी तरी धड चिडावं की नाही? आता म्हातारी गप्प झाल्यावर कळलं, घराला त्या बडबडीची किती सवय झाली होती ते. दूध उतू जायचं आणि कुणी काहीच म्हणायचं नाही.

बाहेर छपराखाली नवरा कच्ची कौलं तपासत होता. एकेक कौल उचलायचा आणि गालाला लावायचा. गार लागलं तर आत ओल आहे. आभाळ कितीतरी दिवसांपासून नुसतं भरून राहिलं होतं, पडत नव्हतं आणि उघडतही नव्हतं. तळ्याकाठची माती आणून, तुडवून, साच्यातून काढलेली कौलं रांगेत उभी होती आणि वाळायचं नाव घेत नव्हती.

"बघ गं," त्याने तिच्या गालाला एक कौल लावलं.

"गार आहे."

"तुझा गाल गरम असेल."

"मग तुमच्या गालावर विश्वास ठेवा. मला कशाला विचारता?"

तो हसला नाही. एरवी हसला असता. "भट्टी लावावी लागेल," तो म्हणाला. "मुकादमाची माणसं शाळेच्या भिंती छपरापर्यंत घेऊन आलीत. आता तो आपल्या कौलांसाठी थांबणार नाही."

"लावू की. पण गाणं?"

दोघांनीही आतल्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं.

त्यांच्या भट्टीला घड्याळ नव्हतं. म्हातारी लग्न होऊन आली तेव्हापासून ती भट्टीच्या तोंडाशी पाटावर बसायची आणि प्रार्थनाघरातल्या उपासनेतलं एक गाणं म्हणायची. नेहमी तेच, लांबलचक. बारीक जाळ चालू असेपर्यंत एका कडव्याला एक ओंडका. कडवं संपलं की ती म्हणायची, "टाक." मग सासरा टाकायचा, तो गेल्यावर मुलगा. मोठा जाळ धरायची वेळ आली की दोन दोन. कौलं आतून वाळत वाळत तापली पाहिजेत, एकदम आच लागली की आतल्या ओलीची वाफ होते आणि कौल फुटतं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. पण किती हळू म्हणजे हळू, ते त्या गाण्यात होतं.

"मोबाईलवर लावू की वेळ," सून म्हणाली.

"किती लावू?"

कुणी मोजलंच नव्हतं.

"तूच म्हण," तो म्हणाला. "तुला येतं ना सगळं? मी म्हटलं तर लाकडं पळून जातील."

येत होतं. ती लहानपणापासून तेच गाणं म्हणत आली होती. फक्त तिच्या माहेरच्या प्रार्थनाघरात टाळ्या वाजवून, भरभर म्हणायचे. पहिल्यांदा तिने इथे ते म्हटलं तेव्हा सासूने हसून विचारलं होतं, "काय गं, बस चुकतेय का तुझी?"

*

भट्टी उजाडताना पेटवली. बाळाला शेजारच्या काकूंकडे दिलं, त्यांच्याकडे दोन तान्ही होतीच, त्यात तिसरं. थोरली भिंगरी आजीजवळ बसली. पोरीचं खरं नाव वेगळं होतं, पण चालायला लागल्यापासून ती एका जागी ठरली नव्हती, म्हणून भिंगरी.

सून पाटावर बसली. आजवर भट्टीच्या दिवशी ती इथे कधी नसायची. कधी दिवस गेलेले, कधी अंगावर पिणारं मूल, धूर नको म्हणून सासूच तिला घराबाहेर येऊ द्यायची नाही. गाणं तिने ऐकलं होतं ते स्वयंपाकघरातून, अंगणापलीकडून, वाऱ्यावर तुटत तुटत येणारं. म्हातारीला दम लागायचा, मध्ये मध्ये ती श्वास घ्यायला थांबायची, हेही तिला माहीत होतं.

आपल्याला दम लागत नाही, तेवढं तरी बरं, असं म्हणून तिने सुरुवात केली. शक्य तेवढं हळू म्हटलं. आवाज चांगला लागला. कडवं संपलं की ती म्हणायची, "टाका," आणि नवरा ओंडका आत सारायचा. उन्हं वर आली नव्हती, आभाळ तसंच, पण भट्टी तापत होती आणि दोघांनाही वाटायला लागलं की जमतंय.

मग आतून आवाज आला. फट्.

नवरा ओंडका हातात धरून थांबला.

"एखादं असतं," तो म्हणाला.

फट्. फट्. मग बराच वेळ काही नाही. मग एकापाठोपाठ, लाह्या फुटाव्यात तशी.

सून गात राहिली. थांबून काय करणार? तिने एकही कडवं सोडलं नाही. नवऱ्याने मान खाली घातली होती आणि कडवं संपलं की न सांगताच तो लाकूड टाकत होता.

भट्टी निवल्यावर उघडली तेव्हा वरच्या थरातली थोडी कौलं धड होती. खाली सगळा खच. नवऱ्याने हात घालून मूठभर तुकडे बाहेर काढले आणि परत ठेवून दिले, कुठे ठेवायचे ते न सुचून.

मुकादम मोटारसायकलवरून आला तो त्याच वेळी. त्याने हेल्मेट काढलं नाही, नुसती काच वर केली. एक धड दिसणारं कौल उचलून त्याने गुडघ्यावर दाबलं. कौल दोन तुकडे होऊन पडलं.

"हे पोरांच्या डोक्यावर घालू मी?"

"माती ओली राहिली," नवरा म्हणाला. "आभाळ बघताय ना."

"आभाळ मी पण बघतोय. पत्रा घातला की आभाळाकडे बघावं लागत नाही." त्याने हात झटकले. मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "तुझ्या आईच्या हातची कौलं माझ्या घरावर आहेत, म्हणून थांबलोय. पुढची भट्टी बघतो. ती पण अशीच निघाली तर मला पत्रा मागवू दे बाबा. आणि पत्र्याच्या कारखान्यात माणसं हवीत, ट्रक इथूनच जातो. शब्द टाकीन तुझ्यासाठी."

चेष्टा करत नव्हता, हेच वाईट होतं.

जेवताना नवऱ्याने विषय काढला. ताटाकडे बघत. "तिथे राहायला खोली देतात. एकट्याला. तू पोरांना घेऊन माहेरी राहा थोडे दिवस. आईला माझी ताई नेईल."

"ताईंच्या घरी जिना आहे. आई वरून खाली कशा येणार?"

"नाही येणार."

भिंगरी घास तोंडात धरून एकदा आईकडे, एकदा बाबाकडे बघत राहिली. आतून वाटी वाजली. दोघंही एकदम उठले.

*

प्रार्थनाघराचे पाळकसाहेब सायकल भिंतीला टेकवून आत आले तेव्हा सून मागच्या दारी चादर धूत होती. ते आधी म्हातारीजवळ बसले, तिचा डावा हात हातात घेऊन प्रार्थना केली. मग मागच्या दारी आले आणि उभे राहिले.

"आनंदात राहा, मुली," ते म्हणाले. "प्रभू सोडत नाही."

तिने चादर दगडावर आपटली. "कसं राहायचं ते सांगा ना पाळकसाहेब. नुसतं राहा म्हणू नका."

ती आणखी बोलली असती तर बरं वाटलं असतं, पण तिला रडू यायला लागलं आणि रडताना चादर नीट धुता येईना. "मी रोज प्रार्थना करते. कौलं वाळू दे म्हणते. आई बोलू देत म्हणते. ह्यांना जावं लागू नये म्हणते. सगळं मागूनच झालंय माझं. आता मागायला पण काही शिल्लक नाही."

"मलाही रोज जमतं असं नाही," पाळकसाहेब म्हणाले. ते हे अगदी साधेपणाने म्हणाले, जेवण झालं का विचारल्यासारखं. "रविवारी मंडळीपुढे उभं राहून सांगावं लागतं म्हणून निदान त्या दिवशी तरी जमवतो. आण, ते एक टोक माझ्याकडे दे."

"तुम्ही कशाला?"

"दे."

त्यांनी बाह्या वर केल्या आणि चादरीचं टोक धरून पिळायला लागले. ती इकडून पिळत होती. पाणी काही गळेना.

"अहो, उलटं पिळा. मी पिळते त्याच बाजूला पिळताय तुम्ही. दोघं मिळून नुसती चादर फिरवतोय."

पाळकसाहेबांनी हाताकडे पाहिलं आणि ते हसायला लागले. तीही हसली, नाक पुसत. चादर दोघांनी मिळून कोरडी पिळली.

जाताना ते नवऱ्याशी छपराखाली बोलत उभे राहिले. प्रार्थनाघरामागे एक झाड वठून पडलं होतं, त्याची लाकडं खणखणीत वाळलेली होती, ती घेऊन जा म्हणाले. नवरा म्हणाला, "पाळकसाहेब, तुम्ही नेहमी कुंभार आणि मातीचा दाखला देता. ओल्या लाकडाचा एखादा असता तर बरं झालं असतं."

"शोधतो," पाळकसाहेब म्हणाले.

*

आभाळ जरा उघडलं. पूर्ण नाही, पण दुपारी सावली पडायला लागली. नवऱ्याने आणि सुनेने पुन्हा माती तुडवली. गुडघ्यापर्यंत पाय लाल, भिंगरीचे कमरेपर्यंत. साचा ओला करायचा, माती दाबायची, तारेने वरचं कापायचं, उलटं करून पाटीवर सोडायचं. बाळ रडलं की सून हात धुवायची, पाजायची, पुन्हा मातीत हात. बोटांना भेगा पडल्या आणि भेगांत माती बसली. या वेळी गालाला लावलेलं प्रत्येक कौल कोमट लागेपर्यंत दोघांनी वाट पाहिली.

भट्टी लावायच्या दिवशी पाळकसाहेब लाकडांच्या गाडीबरोबर आले. सगळे अंगणात असताना आतून वाटी वाजायला लागली. थांबेचना. भिंगरी धावत बाहेर आली.

"आजी बाहेर यायचं म्हणते."

"म्हणते?" नवरा म्हणाला.

"दाराकडे चमचा दाखवते."

"धूर आहे इथे. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय."

वाटी वाजत राहिली. मग वाटी खाली पडल्याचा आवाज आला आणि गरगरत ती दारापर्यंत आली. म्हातारीने फेकली होती.

पाळकसाहेबांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. "मी पायाकडून धरतो," ते म्हणाले.

खाट भट्टीपाशी आणली, वाऱ्याच्या उलट्या अंगाला. म्हातारीच्या पाठीशी उशा लावल्या. सून पाटावर बसली, खाटेला खेटून. नवऱ्याने पेटवलं. तिने गाणं सुरू केलं, मागच्यापेक्षाही हळू. सासू बरोबर सूर धरत होती. शब्द नव्हते, नुसतं हं हं, पण सूर पक्का, जागच्या जागी. सुनेला ते ऐकून इतकं बरं वाटलं की ती गाता गाता हसली.

कडवं संपलं. "टाका," ती म्हणाली.

तिचं मनगट एकदम आवळलं गेलं. म्हातारीने डाव्या हाताने मनगट धरलं होतं आणि इतकं घट्ट की नखं रुतली. तोंडातून "भ, भ" आणि डोळे मोठे.

"काय झालं आई? दुखतंय?"

"धूर लागतोय तिला," नवरा म्हणाला. "मी सांगत होतो. उचला, आत नेऊ." त्याच्या हातात ओंडका होता. म्हातारीने त्या ओंडक्याकडे पाहिलं आणि जोरजोरात मान हलवली.

"थांबा," सून म्हणाली. "टाकू नका म्हणतायत."

तो थांबला. म्हातारीने डोळे मिटले. मनगटावरची पकड सैल झाली, पण हात सुटला नाही. अर्धे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता. सगळे बघत उभे राहिले, नवरा ओंडका छातीशी धरून. लाकडं तडतडत होती. म्हातारी आपल्यातच कुठेतरी गेली होती आणि तिला घाई नव्हती. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि सुनेचं मनगट हलकेच भट्टीकडे ढकललं.

"टाका," सून हळूच म्हणाली.

नवऱ्याने ओंडका आत सारला.

"हे काय होतं?"

"आजी आभार मानते," भिंगरी म्हणाली. तिला त्यात नवल वाटलं नव्हतं. "एक कडवं झालं की एक. मनातल्या मनात. मी तिच्या मांडीवर बसायचे तेव्हा माझ्याकडून पण मानून घ्यायची."

"मग तू मला मागच्या वेळी का नाही सांगितलंस?"

"तू आत बस म्हणालीस ना."

नवरा आईकडे बघत राहिला. "मी एवढी वर्षं समोर उभा आहे," तो म्हणाला. "मला वाटायचं तिला दम लागतो."

"मलाही," सून म्हणाली.

म्हातारीच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. हसत होती.

"पण म्हणजे किती वेळ थांबायचं?" सुनेने विचारलं. "आई, किती?"

पाळकसाहेब म्हणाले, "आभार मानायला लागतात तेवढा वेळ, असं दिसतंय."

"बाप रे," नवरा म्हणाला. "म्हणजे खरे मानावे लागतील. उगाच म्हटल्यासारखं केलं की लवकर संपतं. आणि लवकर संपलं की..." त्याने भट्टीकडे बोट दाखवलं.

सुनेने दुसरं कडवं म्हटलं. संपल्यावर डोळे मिटले. आभार. कशाचे? डोक्यात पहिल्यांदा आलं ते फुटलेल्या कौलांचं, मग ट्रक, मग ताईंच्या घरचा जिना. यांचे आभार मानायचे नव्हते. तिने घाईघाईने म्हटलं, देवबापा, सगळ्यासाठी आभार. डोळे उघडले तर सासू तिच्याकडेच बघत होती आणि मनगट सोडत नव्हती. झालं नव्हतं. शाळेत पाढा म्हणताना पोर अडतं तशी तिची अवस्था झाली.

पुन्हा डोळे मिटले. मनगटावर सासूचा हात होता. खरखरीत, गरम, जोर असलेला. हा हात राहिला, तिला वाटलं. दोन्ही गेले असते. हा राहिला आणि याच्यात मला धरून ठेवण्याएवढा जोर आहे. ती त्या हाताचा विचार करत राहिली, या हाताने भिंगरीला पहिल्यांदा न्हाऊ घातलं होतं ते, आणि तिचे डोळे भरून आले. मनगट हलकेच ढकललं गेलं.

"टाका."

मग जमायला लागलं. लगेच नाही. काही वेळा रिकामं जायचं आणि ती चाचपडत बसायची. पण चाचपडण्यातही वेळ जायचाच, आणि भट्टीला तेवढा हवा होता. पाळकसाहेब चादर उलटी पिळत होते त्याचे आभार. शेजारच्या काकूंच्या घरी तीन तान्ही एका रांगेत झोपली आहेत, त्यातलं आपलं कुठलं ते त्यांना न चुकता कळतं, त्याचे. माहेरी टाळ्या वाजवणारे वडील. वठून पडलेलं झाड. झाडाचे मानावेत की पडण्याचे, हे तिला ठरवता येईना, दोन्हीचे मानले. एकदा तर तिने रागाचेच आभार मानले, मागच्या दारी पाळकसाहेबांवर काढलेल्या रागाचे, कारण तो काढायला कुणीतरी होतं.

मोठ्या जाळाची वेळ आली तेव्हा नवरा घामाने निथळत होता. एका कडव्यानंतर तोही डोळे मिटून उभा राहिला, दोन्ही काखांत लाकडं घेऊन. तिने डोळे उघडले तरी त्याचं चालूच होतं. ती थांबली. पाळकसाहेबही थांबले. म्हातारी तर थांबलेलीच.

"झालं?" शेवटी तिने विचारलं.

"थांब की. घाई काय आहे?"

आतून एकदाही फट् आवाज आला नव्हता. हे दोघांनाही कळलं होतं.

दिवे लागायच्या सुमाराला भोकातून पाहिलं तर आत कौलं पिकल्या फळासारखी तांबूस उजळली होती. नवऱ्याने भट्टीचं तोंड मातीने लिंपलं. सुनेचा आवाज बसला होता. म्हातारी उशांवर झोपून गेली होती, आणि तिचा हात झोपेतही सुनेच्या मनगटावरच होता.

*

भट्टी उघडायला मुकादम मुद्दाम आला. या वेळी हेल्मेट काढून. नवऱ्याने पहिलं कौल उचललं आणि बोटाच्या पेराने वाजवलं. खणखणीत आवाज आला. दुसरं वाजवलं. तिसरं मुकादमानेच उचललं, गुडघ्यावर दाबलं. गुडघा दुखून त्याने ते खाली ठेवलं.

सगळी धड निघाली नाहीत. तळाच्या थरातली वाकली होती, कडेची काही काळवंडली होती. मुकादमाने ती एकेक करून बाजूला काढली आणि त्याच्या तोंडावरून काहीच कळेना. सून बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. तिला तो ढीग वाढताना दिसत होता.

"वाकलेली शाळेला चालणार नाहीत," तो म्हणाला.

"हो," नवरा म्हणाला.

"ती गोठ्यावर घालीन माझ्या. बाकीची ट्रकमध्ये भरायला घे." तो आत डोकावला, खाटेकडे. "काय म्हातारे, काय जादू केलीस?"

म्हातारीने चमचा वाटीवर वाजवला.

"काय म्हणतेय?"

"चहा घ्या म्हणतायत," सून म्हणाली. तसं काही म्हातारी म्हणाली नव्हती, पण ती बोलत असती तर हेच म्हणाली असती.

ट्रक भरला. नवरा वर चढून शेवटच्या रांगेत गवत खोचत होता. ड्रायव्हरने खालून विचारलं, "काय रे, तू पुढे कारखान्यात येणार होतास ना? पुढची सीट मोकळी ठेवलीय मी."

"पुढच्या वेळी," नवरा म्हणाला आणि उडी मारून खाली आला. मग बायकोकडे बघून म्हणाला, "पुढच्या वेळी पण नाही. आधी शाळेच्या दुसऱ्या बाजूचं छप्पर करायचंय. आणि तू हळू गायला शीक. आईसारखं येत नाही अजून."

"तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळ घेतलात परवा. एवढं काय मानत होतात?"

"ते सांगत नसतात," तो म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला.

ट्रक गेल्यावर अंगण मोठं वाटायला लागलं. सुनेने नव्या मातीवर पाणी शिंपडलं आणि तुडवायला सुरुवात केली. भिंगरीही आत शिरली. दोघी एकमेकींचे हात धरून गोल गोल तुडवत राहिल्या, बोटांमधून गार माती वर येत होती. पोरगी आज बडबडत नव्हती. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती.

"काय गं, काय चाललंय?"

"आभार. ट्रकचे, मुकादमकाकांच्या गुडघ्याचे, आजीचे, बाळाचे. बाबा राहिले त्याचे." ती दम घ्यायला थांबली. "आई, आपण सगळे देवाचे आभार मानतो ना?"

"हो."

"मग देव कुणाचे मानतो?"

सुनेने डोळे मिटले, दोन कडव्यांच्या मध्ये मिटायची तसे. पाय मातीत तसेच रुतले होते. भिंगरी मान वर करून वाट बघत होती.